तासलेला साचा

घाटाच्या डोक्यावर आंबेधार नावाचं एक गाव वसलेलं होतं, आणि त्या गावाचा सगळा भार एका जीपगाडीवर होता. बाजार असो, दवाखाना असो, लेकींना माहेरी आणायचं असो, खाली उतरायचं तर हैबतीची जीप. हैबती गाडी जपून चालवायचा. पण घाट उभा, वळणं आवळलेली आणि गाडीत माणसं दाटीवाटीनं भरलेली. अर्धा घाट उतरला की ब्रेक तापायचे आणि जळका वास सुटायचा. वास आला की गाडीतल्या गप्पा बंद व्हायच्या. बायका पदर तोंडाला लावून देवीचं नाव घ्यायच्या, आणि हैबती रस्त्यावरची नजर न काढता काही नाही, काही नाही, असं म्हणत राहायचा. त्याचं ते म्हणणं कुणालाच खरं वाटत नसे. त्याला स्वतःला तर मुळीच नाही.

श्रावणात एके दिवशी नको तेच झालं. वळणाच्या तोंडाशी हैबतीनं ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. त्यानं ती डोंगराच्या अंगाला चिखलात घुसवली म्हणून सगळे वाचले, नाहीतर दुसऱ्या अंगाला दरीच होती. गाडीत त्याची म्हातारी आई बायजाक्का बसलेली होती. तिनं चिखलात रुतलेली चप्पल शोधून पायात घातली आणि एक शब्द न बोलता घराकडे चालू लागली. आई शिव्या देती तर हैबतीला बरं वाटलं असतं. ती गप्प राहिली म्हणून त्याला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यानं गाडी केरबा मिस्त्रीच्या दारात आणून लावली.

“मिस्त्री, हे ब्रेक आता पुरे पडत न्हाईत. मोठे ब्रेक बसवता येत असतील तर बसव. न्हाईतर मी गाडी इकून टाकतो,” हैबती म्हणाला.

गाडी विकली तर गाव घाटावर अडकून पडणार, हे केरबालाही कळत होतं. केरबा गुणी कारागीर होता. त्याच्या हाताला यश होतं. फक्त जीभ हाताच्या दोन पावलं पुढे पळायची. शिवाय त्याला मिशी होती, आणि ती साधीसुधी नव्हती. सकाळी गॅरेज उघडायच्या आधी तो तिला तेल लावायचा, आणि त्याची बायको वच्छला म्हणायची की एवढी काळजी घरातल्या कोणाची घेतली असती तर बरं झालं असतं. त्या संध्याकाळी केरबा पारावर जाऊन बसला, चार माणसं जमलेली पाहिली, आणि मिशीवरून हात फिरवून बोलून गेला, “थोरल्या गाडीचे ब्रेक आणून बसवतो. दसऱ्याला ही जीप नव्या ब्रेकवर घाट उतरंल. न्हाई उतरली तर ही मिशी उतरवीन.” लोक हसले. पण गावाला दुसरं काही ध्यानात राहो न राहो, असली बोलणी बरोबर ध्यानात राहतात.

आता मोठे ब्रेक बसवणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगायला हवं. चाकाच्या आत एक लोखंडी चकती फिरत असते. त्या चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा एक जाडजूड पंजा असतो, त्याला कॅलिपर म्हणतात. ब्रेक दाबला की पंजा चकती आवळतो आणि गाडी थांबते. चकती मोठी, पंजा मोठा, तर पकड मोठी. पण हे सगळं चाकाच्या रिमच्या पोटात मावावं लागतं. पंजा जागच्या जागी राहतो आणि रिम त्याच्याभोवती गरगरा फिरते. मध्ये जागा नसेल तर लोखंडाला लोखंड घासणार, आणि मग ब्रेकनं गाडी थांबवण्याऐवजी ब्रेकचाच जीव जाणार.

म्हणून केरबाचे उस्ताद त्याला एक गोष्ट शिकवून गेले होते. माल विकत घ्यायच्या आधी पंज्याच्या आकाराचा साचा फळीतून कापायचा. तो पट्टीला ठोकायचा, पट्टीचं दुसरं टोक चाकाच्या मधोमध बोल्टनं अडकवायचं, साच्याच्या कडेला दिव्याची काजळी फासायची आणि रिमच्या आतून सगळा फेर फिरवून बघायचा. रिमवर कुठे काळा डाग उमटला नाही तर माल आणायचा. आणि साचा पंज्याच्या मापाचा नाही कापायचा. बाहेरच्या कडेला एका रुपयाच्या नाण्याच्या जाडीनं मोठा कापायचा. गाडी भरली की रिम दबते, वळणावर वाकते, तापली की फुगते. ती एवढीशी जागा त्यासाठी. उस्तादांनी हे सांगताना नाणं केरबाच्या तळहातावर ठेवून मूठ मिटायला लावली होती.

केरबा शहरात गेला. दुकानातल्या कॅलिपरचा आकार त्यानं कागदावर उतरवून घेतला. दुकानदारानं आधीच बजावलं की नेलेला माल परत घेत नाही, तेव्हा घरी जाऊन माप बघ आणि मग ये. केरबानं घरी येऊन सफरचंदाच्या खोक्याची फळी घेतली, कानशीनं आकार दिला, कडेला रुपयाची जाडी सोडली, काजळी फासली आणि साचा जीपच्या चाकात फिरवला. अर्धा फेर सुरेख गेला. पुढे साचा अडला. रिमवर काळा डाग पडला. त्यानं डाग पुसला, बोल्ट सैल करून पुन्हा आवळला आणि पुन्हा फिरवला. डाग पुन्हा पडला, आणखी एका जागी नवा पडला. घाटातले खड्डे खाऊन रिम जुनी झाली होती, तिचा गोल पूर्वीसारखा राहिला नव्हता. साचा सरळ सांगत होता की हे ब्रेक ह्या चाकात मावत नाहीत, मोठी रिम आणा.

केरबानं मोठ्या रिमची चौकशी केली. दुकानदार म्हणाला, दिवाळीनंतर येतील. दिवाळीनंतर म्हणजे दसरा गेला. दसरा गेला म्हणजे मिशी गेली. मिशी गेली म्हणजे पारावर बसायची सोय गेली. असा हिशोब केरबा मनात करत गॅरेजमध्ये येरझाऱ्या घालू लागला. पारावरून जाताना लोक नुसते ओळखीचं हसले तरी त्याला वाटायचं, मिशीकडे बघून हसताहेत. हैबती रोज येऊन विचारायचा, माप झालं का मिस्त्री, आणि केरबा म्हणायचा, होतंय, होतंय.

एका संध्याकाळी दिवेलागणीला त्यानं साचा हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसला. मग त्याच्या मनात एक विचार आला, आणि तो विचार फार शहाण्यासारखा दिसत होता. साचा तर मुद्दामच मोठा कापलाय. खरा पंजा याहून बारीक आहे. मग अडतोय तो पंजा नाही, उस्तादांची भीतीच अडतेय. उस्ताद म्हातारे होते, म्हातारी माणसं सगळ्यात थोडं वाढवूनच सांगतात. केरबानं कानस उचलली. फळी मऊ होती. भुसा मांडीवर पडत गेला. रुपयाभर जाडी निघायला फार वेळ लागला नाही. मग त्यानं काजळी फासली, साचा फिरवला, आणि साचा रिमच्या आतून एकही डाग न पाडता सगळा फेर फिरून आला. केरबाला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. त्यानं मांडीवरचा भुसा झटकला, मग वाकून जमिनीवरचाही गोळा केला आणि चुलीत टाकून आला. भुसा कशाला लपवायचा, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हैबतीला सांगितलं, “बसतंय. माल आण.”

माल आला. केरबानं तो मनापासून बसवला, त्यात कुठे कुचराई केली नाही. चकत्या चमकत होत्या, पंजे लालभडक रंगवलेले. चाकं चढवली, गाडी जॅकवर होती तेव्हा हातानं फिरवून बघितली. चाक फिरलं. कुठे आवाज नाही. तरी त्याचा हात चाकावरून निघेना. शेवटी तो घरात गेला आणि वच्छलेकडून चिमूटभर भिजवलेली कणीक मागून आणली. हीही उस्तादांचीच शिकवण. कणकेच्या गोळ्या पंज्याच्या कडेला चिकटवायच्या, चाक चढवायचं, एक फेर द्यायचा, चाक काढायचं आणि गोळी किती चेपली ते बघायचं. मध्ये जेवढी जागा, तेवढी गोळीची जाडी उरते. चाक काढलं तर गोळ्या पापडासारख्या झाल्या होत्या. एका जागी तर पलीकडचा लाल रंग आरपार दिसत होता. वच्छला राहिलेली कणीक परत न्यायला आली होती. ती पंज्याशी वाकली, बोटानं तो पापुद्रा उचलला आणि अंगठ्यानं चोळून बघितला.

“अवो, एवढी पातळ हुया पायजे व्हय?” तिनं विचारलं.

केरबा म्हणाला की तुला त्यातलं काय कळतं. वच्छलेनं पापुद्रा कोंबड्यांपुढे टाकला आणि गेली. त्या रात्री केरबाला नीट झोप लागली नाही. डोळा लागला की चाक फिरताना दिसायचं आणि आवाज ऐकायला तो कान देऊन पडून राहायचा.

खंडेनवमीला आंबेधारला हत्यारांची पूजा होते. केरबाच्या गॅरेजात पाट मांडला. पाने, हातोडे, कानशी, जॅक, सगळं घासूनपुसून ओळीनं ठेवलं. वच्छलेनं हळदकुंकवाचं ताट आणलं आणि इकडे तिकडे बघून विचारलं की साचा कुठंय, यंदाचं मोठं काम तर त्यानंच केलं. केरबा म्हणाला, तो असू दे, ती नुसती फळी आहे. पण तिनं खिळ्याला टांगलेला साचा काढला आणि मधोमध ठेवला. हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. तासलेली कड केरबाकडेच होती. कानस लागलेलं पांढरं लाकूड काजळीखालून अजून दिसत होतं. सगळ्या हत्यारांनी आपापलं काम सरळ केलं होतं, आणि त्यांच्यामध्ये हे एक खोटं बोलणारं हत्यार फूल माळून बसलं होतं. त्याला खोटं बोलायला शिकवणारा पाटासमोर हात जोडून बसला होता. केरबानं नमस्काराला डोकं टेकलं ते लवकर वर उचलवेना. वच्छलेला वाटलं, यंदा भक्ती वाढली.

दुसऱ्या दिवशी दसरा. आंबेधारला बैलगाड्यांच्या काळापासून चालत आलेली एक रीत आहे. गाडीचं मोठं काम झालं की तिची पहिली फेरी घाटाखाली घाटजाई देवीच्या ठाण्याला जाते, आणि ज्यानं काम केलं तो त्या फेरीत सगळ्यांच्या पुढे बसतो. सुतारानं चाक भरलं तर सुतार, लोहारानं चाकाला लोखंडी धाव चढवली तर लोहार. गावातले जुने लोक म्हणत, हा मान आहे. मान तर होताच. पण ज्यानं कुणी ही रीत पहिल्यांदा घातली, तो माणसाला पुरता ओळखणारा असावा.

सकाळी जीप पारापुढे उभी राहिली. झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर नारळ. बायजाक्का मधल्या बाकावर बसली. तिच्या मागे गावातल्या आणखी बायाबापड्या दाटीनं बसल्या. हैबतीनं हॉर्न वाजवला आणि हाक मारली की मिस्त्री, चला, जागा राखून ठेवलीय. केरबा म्हणाला की त्याला रात्रीपासून कणकण वाटतेय, तुम्ही जाऊन या. लोकांना वाईट वाटलं. हैबती साधेपणानं म्हणाला, “मग वैनी बसंल तुझ्या जागी. घरातलं कुणीतरी पुढं पायजेच.” आणि वच्छला पदर खोचून पुढच्या बाकाकडे निघालीही.

तिचा पाय पायरीवर पडला. मागच्या सगळ्या माणसांना केरबानं मनातल्या मनात गाडीत बसू दिलं होतं. आता त्याच गाडीत बायको बसत होती, तर त्याला राहवेना. बोलायची वेळ हीच होती. सगळं गाव समोर होतं, गाडी सपाटीवर उभी होती, दोन वाक्यांत काम झालं असतं. पण सगळं गाव समोर होतं, म्हणूनच त्याचं तोंड उघडलं नाही. तो पुढे झाला, वच्छलेला तू घरी थांब म्हणाला, आणि स्वतः पुढे जाऊन बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वच्छला घरी गेली नाही. ती बायजाक्काच्या शेजारी अंग चोरून बसली.

गाडी घाटाला लागली. पहिल्या उतारावर हैबतीनं ब्रेकवर पाय ठेवला आणि गाडी अशी अलगद थांबली की त्याच्या तोंडावर हसू फुटलं. वास नाही, धूर नाही. बायका मोकळेपणानं बोलू लागल्या. कुणीतरी म्हणालं की केरबाचे हात सोन्यानं मढवले पाहिजेत. बायजाक्का म्हणाली की आज कित्येक वर्षांनी ह्या घाटात तिनं डोळे उघडे ठेवलेत. केरबा मान हलवत होता. एकेक शब्द त्याला खिळ्यासारखा टोचत होता. त्याचं सगळं ध्यान आपल्या बाजूच्या पुढच्या चाकाकडे लागलं होतं.

तिसऱ्या वळणावर त्याला आवाज आला. खर्र. एवढासाच. गाडी सरळ झाली आणि आवाज थांबला. त्यानं हैबतीकडे बघितलं. हैबती कुठलंसं गाणं गुणगुणत होता. केरबानं स्वतःला समजावलं की खडा लागला असेल. पुढच्या वळणावर पुन्हा खर्र, आधीपेक्षा लांब. त्यानं पायाचा अंगठा तळाच्या पत्र्यावर दाबून धरला, आणि पत्र्यातून ती थरथर अंगठ्यात आली. समोर माकडउडीचा उतार दिसू लागला. घाटातला हा सगळ्यात उभा तुकडा. तिथे वळणाला वळण लागून आहे आणि कठडा कधीचा पडून गेलेला. श्रावणात गाडी चिखलात घुसली ती त्याच्या अलीकडेच. घासून घासून पंज्याला तडा गेला तर पंजा आवळणारं त्यातलं तेल वाहून जाणार, आणि तेल गेलं की हैबतीनं कितीही पाय आपटला तरी गाडी थांबणार नाही. मागे बायजाक्का कुणाला तरी सुनेची तक्रार सांगत होती. केरबाला ती तक्रार अगदी स्पष्ट ऐकू येत होती.

“हैबती, गाडी थांबव,” तो म्हणाला.

हैबतीला वाटलं, मिस्त्रीची कणकण वाढली. त्यानं गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. केरबा उतरला, चाकापाशी उकिडवा बसला आणि रिमच्या भोकातून आत बघितलं. जे बघायचं नव्हतं ते दिसलं. अजूनही सुटायला वाट होती. दगड अडकलाय म्हणायचं, गाडी रिकामी करून परत न्यायची, मागून गुपचूप काहीतरी करायचं. वाक्य त्याच्या ओठांवर तयार होतं. त्यानं मान वर केली तर वच्छला मधल्या बाकावरून त्याच्याकडे बघत होती. तिनं फक्त अंगठा आणि बोट एकमेकांवर चोळलं, कणकेचा पापुद्रा उचलताना चोळलं होतं तसं. तिला त्या दिवसापासूनच शंका होती, आणि तरी ती गाडीत येऊन बसली होती.

केरबा उठला. “सगळी खाली उतरा,” तो म्हणाला. “ही गाडी उतरायची न्हाई. चूक माझी हाय.”

चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेतली आणि केरबानं सगळ्यांदेखत चाक काढलं. रिमच्या आतल्या अंगाला चांदीसारखी चकचकीत चरी पडली होती. पंज्याच्या खांद्यावरचा लाल रंग उडून लोखंड उघडं पडलं होतं. हैबतीनं त्या चरीतून बोट फिरवलं आणि बोट लगेच काढून घेतलं, कारण ती चटका बसण्याइतकी तापली होती. केरबानं सांगितलं की साचा अडत होता. मोठी रिम दिवाळीनंतर मिळणार होती. रुपयाभर जागा सोडायची असते, ती त्यानं कानशीनं तासून काढली. एवढं बोलून तो खाली बघत उभा राहिला. हैबतीचा हात उचलला गेला होता. तो तसाच राहिला, कारण बायजाक्का काठी टेकत पुढे आली होती. तिनं चाकाकडे बघितलं, उताराकडे बघितलं, आणि मग केरबाच्या तोंडाकडे.

“मिशी तासली असतीस तर परत उगवली असती की रं, केरबा,” ती म्हणाली.

बायजाक्कानं पदर सारखा केला आणि ठाण्याकडे पायी निघाली. तिच्यामागून सगळे निघाले. केरबा म्हणाला की आक्का, मी तुम्हाला पाठुंगळी घेतो. ती वळूनही न बघता म्हणाली की तू तुझ्या जागेवर बस, तो मान तुझाच आहे. म्हणून केरबा त्या तीन चाकांच्या गाडीत पुढच्या बाकावर एकटाच बसून राहिला. माळांतला झेंडू उन्हानं सुकत होता. समोर माकडउडीचा उतार होता, आणि गाडी पुढे गेली असती तर काय झालं असतं ते त्याला पुन्हा पुन्हा दिसत होतं. गाडी जागची हलत नव्हती, तरी त्याचे हात पुढची दांडी घट्ट धरून होते.

दुपारी माणसं आपट्याची पानं घेऊन परत आली. दसऱ्याचं हे सोनं एकमेकांना देतात. येणारा जाणारा केरबासमोरून गेला, पण त्याच्या हातावर पान ठेवायला कुणी थांबलं नाही. हैबती सगळ्यांच्या शेवटी आला. त्यानं थोडा वेळ चाकाकडे बघितलं, एक पान केरबाच्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, “माकडउडीच्या अलीकडं बोललास, म्हणून देतो. पारापाशी बोलला असतास तर मिठी मारली असती.” केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते पुसलं नाही. जुने ब्रेक वरून आणून त्यानं दिवस मावळायच्या आत बसवले आणि हैबतीनं रिकामी गाडी हळूहळू गावात चढवून नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी केरबा स्वतःहून न्हाव्यापुढे जाऊन बसला. पैज हरली म्हणून नव्हे. आरशात ती मिशी त्याला बघवेना.

दिवाळीनंतर मोठ्या रिम आल्या. केरबानं तोच साचा खिळ्यावरून काढला, आणि तासलेल्या कडेला रुपयाचं नाणं आडवं चिकटवून टाकलं. साचा पुन्हा खऱ्या मापाचा झाला. काजळी फासून तो नव्या रिममध्ये फिरवला तर कुठे डाग नाही. ब्रेक बसवल्यावर वच्छलेची कणीक लावून बघितली, गोळी पुरीसारखी जाड निघाली. वच्छलेनं ती बोटांत धरून बघितली आणि ह्या खेपेला कोंबड्यांना टाकायच्या आधी हैबतीला दाखवली. पहिल्या फेरीला केरबा पुन्हा पुढे बसला. सगळा घाट उतरेपर्यंत त्याचा अंगठा पत्र्यावर दाबलेलाच होता. माकडउडी आली आणि गेली, पत्रा गप्प राहिला. ठाण्यापाशी उतरल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण कितीतरी वेळ श्वासच नीट घेतला नव्हता.

तो साचा अजून त्याच्या गॅरेजात टांगलेला आहे. दर खंडेनवमीला वच्छला त्याला पाटावर मधोमध ठेवते आणि कुंकू नाण्याला लावते. घाईचं गिऱ्हाईक आलं की विचारतं, मिस्त्री, एवढी जागा वाया कशाला घालवता, थोडं तासून बसवा की. केरबा साचा खाली काढतो, नाण्यावर बोट ठेवतो आणि म्हणतो, “ही जागा माझी न्हाई. गाडीत बसणाऱ्यांची हाय.”

तात्पर्य: माप आपल्या मनासारखं बोलत नाही म्हणून मापालाच तासू नये. आपली लाज राखायला आपण जी जागा चोरतो, ती आपल्यावर भरवसा ठेवून बसलेल्या माणसांच्या जिवाची असते.